ते पान फाडू नका

सोलापूरच्या अशोक चौक भागातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव छापू नका अशी त्यांची विनंती आहे. ओळख पटेल असे तपशील मी वगळले आहेत आणि लांबलचक पत्रातला मुख्य भाग त्यांच्याच शब्दांत देते आहे.

"मी शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात पीसवर काम करते. मार्च 2020 मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत कारखाना बंद पडला आणि मी रोज रात्री मुलीच्या जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर लिहायला लागले. नळाला पाणी कधी आलं, वांगी काय भावानं मिळाली, कुणाचा फोन आला, असंच. पुढे दोन वर्षं लिहीत राहिले. आता मुलगी पुण्यात एम.ए. करते. तिला अभ्यासासाठी त्या वह्या हव्यात. पानांचे फोटो काढून सगळ्यांना वाचता येतील असे ठेवणार म्हणते. म्हणून इतक्या वर्षांनी वह्या उघडल्या आणि माझी झोप उडाली.

मे 2020 मध्ये समोरच्या घरातल्या अव्वांना ॲम्ब्युलन्समधून नेलं. त्यांचा मुलगा आधीच दवाखान्यात होता. सुनेला आम्ही अक्का म्हणतो. तिला आणि लेकरांना आदल्या दिवशी विलगीकरण केंद्रात नेलं होतं. अव्वांना चालवत नव्हतं म्हणून त्या धाकट्या दिराच्या भरवशावर घरी राहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना धाप लागली. गाडी आली तेव्हा दीर औषध आणायला गेला होता. मी खिडकीतून बघत होते. बाहेर गेले नाही. रात्री वहीत लिहिलंय, 'गाडी गेली, जीव भांड्यात पडला.' अव्वा परत आल्या नाहीत. अक्का अजून माझी शेजारीण आहे. विड्या वळते, दुपारी सूप घेऊन माझ्याच दारात येऊन बसते.

आणखी एक पान एप्रिलमधलं आहे. दुसऱ्या समाजाबद्दल मोबाइलवर जे येत होतं ते खरं धरून मी फार वाईट लिहिलंय. त्याच समाजातल्या भाभींनी पुढे मला मास्क शिवायचं काम मिळवून दिलं. ही दोन पानं फाडून बाकीच्या वह्या मुलीला देऊ का? का सगळंच जाळून टाकू? तसंही त्यात काय आहे, भाज्यांचे भाव आणि रडगाणं."

ताई,

दोन्ही पानं राहू द्या. जाळण्याचा तर विचारही करू नका. का ते सांगते, आणि वह्या मुलीच्या हातात जाण्याआधी काय करायला हवं तेही सांगते, कारण आज आहेत तशा त्या देऊ नयेत असं माझं मत आहे.

तुम्ही पत्रासोबत अव्वांच्या पानाचा फोटो पाठवला आहे. तुमची नजर त्या एका ओळीवर खिळली आहे. मी ते पान वरपासून खालपर्यंत वाचलं, दोनदा वाचलं. त्यात गाडी आल्याची वेळ आहे, सव्वाचार. अव्वांनी हिरवं इरकल नेसलं होतं हे आहे. किट घातलेल्या मुलानं त्यांची पिशवी उचलली, त्या उंबऱ्याशी थांबल्या आणि तेलुगूत त्याला काहीतरी म्हणाल्या, ते त्याला कळलं नाही, असं तुम्ही लिहिलं आहे. तुम्हाला मात्र कळलं. सुपात पानं राहिलीत, वाळतील, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. जन्मभर विड्या वळलेल्या बाईचे घरातून निघतानाचे हे शब्द. तुमच्या वहीशिवाय ते कुठेही नाहीत.

अक्का त्या वेळी केंद्रात होती. सासू घरातून कशी निघाली हे तिनं पाहिलं नाही, दिरानंही नाही. त्या महिन्यांत शेवटचं दर्शन बहुतेकांना मिळत नव्हतं, अंत्यसंस्काराला मोजकी माणसं, तीही लांबून. अक्काकडे त्या दिवसाचं काय असेल तर एखादा फोन आणि नंतर आलेला कागद. मधलं सगळं तुमच्या खिडकीतून दिसलं आणि तुमच्या अक्षरात उतरलं. म्हणून ते पान एकट्या तुमचं राहिलेलं नाही. तुम्हाला लाज वाटते म्हणून ते फाडायचं, तर अक्काचा वाटाही फाटतो.

आता त्या ओळीबद्दल. 'जीव भांड्यात पडला' हे तुम्ही लिहिलं कारण तसं वाटलं होतं. तेव्हाचं सोलापूर आठवा. 12 एप्रिल 2020 ला शहरात पहिला रुग्ण निघाला, तोही मृत्यूनंतर. त्यानंतर काही आठवड्यांत पेठांमागून पेठा बंद झाल्या, गल्लीच्या तोंडाला बांबू आणि पत्रे लागले. रोग नेमका कसा पसरतो याची समज रोज बदलत होती. आपण दुधाच्या पिशव्या धूत होतो, भाजी मिठाच्या पाण्यात बुडवत होतो, वर्तमानपत्र उन्हात टाकत होतो. बंद खोलीतल्या हवेतून तो अधिक पसरतो आणि मोकळ्यावर धोका खूप कमी, हे सर्वमान्य व्हायला पुढे बराच काळ गेला. गल्लीपलीकडून 'अव्वा, काळजी करू नका' एवढं ओरडून सांगितलं असतं तर काही बिघडलं नसतं, हे आज कळतं. त्या दुपारी ते तुमच्या माहितीत नव्हतं. तुम्ही बाहेर गेला नाहीत हे यानं पुसलं जात नाही, आणि मी ते पुसायला सांगणारही नाही. पण घाबरलेल्या माणसानं रात्री खरं लिहिलं, आणि खिडकीतून पाहिलेलं काही सोडलं नाही, ही गोष्टही त्याच पानावर आहे.

तर अक्काकडे जा. मुलीच्या आधी अक्का. तिला विचारा, "अव्वा गेल्या त्या दिवसाचं मी लिहून ठेवलंय, तुला ऐकायचं का?" ती नको म्हणाली तर तिथेच थांबा, पुन्हा विचारायची घाई करू नका. हो म्हणाली तर पान पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचून दाखवा. ती ओळ गाळू नका. आज गाळलीत आणि उद्या दुसरीकडून तिच्या कानावर गेली तर दुखणं दुप्पट होईल, आणि त्या वेळी तुमच्याकडे सांगण्यासारखं काही उरणार नाही.

वाचून झाल्यावर माफी मागायची असेल तर एका वाक्यात मागा आणि गप्प राहा. हे मी मुद्दाम बजावून सांगते. अशा वेळी आपण रडायला लागतो, 'मला झोप नाही गं' म्हणतो, आणि मग जिचं माणूस गेलं तीच आपली समजूत घालत बसते. ते ओझं अक्कावर टाकू नका. ती रागावली, काही दिवस दारात आली नाही, तर तो तिचा हक्क आहे. निरोप पाठवू नका, मध्यस्थ घालू नका. त्या पानाची एक झेरॉक्स तिच्या हातात द्या, ती तिचीच. आणि ते पान इतरांनी वाचावं की नाही हे तिला ठरवू द्या. तिनं नकार दिला तर मुलीच्या अभ्यासात ते येणार नाही. वहीत मात्र ते राहील.

ही भेट शनिवार-रविवारी गर्दीत नको. अक्का कारखान्यात विड्या देऊन परतते, त्या दिवशी छाट, म्हणजे नापास ठरवलेल्या विड्या, किती काढली यावर तिचं मन कसं असतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तिचा बरा दिवस बघा.

एप्रिलच्या पानाचं वेगळं आहे. तिथे तुम्ही पाहिलेलं काही नाही, ऐकलेलं आणि मोबाइलवर आलेलंच आहे. त्या आठवड्यांत दिल्लीच्या एका धार्मिक संमेलनावरून अख्ख्या समाजाला रोग पसरवणारा ठरवण्यात आलं, आणि सोलापूरसारख्या गावात, जिथे एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू चारही भाषा कानावर पडतात, तिथेही लोक भाजीवाल्याचं नाव विचारून भाजी घ्यायला लागले. पुढे 21 ऑगस्ट 2020 ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं त्या संमेलनाला आलेल्या परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. साथीच्या काळात या लोकांना बळीचा बकरा बनवलं गेल्याची शक्यता न्यायालयानं निकालात बोलून दाखवली, प्रसारमाध्यमांतल्या प्रचारावरही कडक टीका केली. पहिल्या बातमीचा जितका गाजावाजा झाला, तितका या निकालाचा झाला नाही. म्हणून तुमच्यासारख्या अनेकांच्या मनात पहिलीच बातमी राहिली.

त्या पानावर खाडाखोड करू नका. समोरच्या कोऱ्या बाजूला आजची तारीख टाका आणि आज काय माहीत आहे ते लिहा. निकालाचं लिहा. भाभींनी मास्कचं काम मिळवून दिलं तेही लिहा, कोणत्या महिन्यात, किती नग, नगाला काय मिळायचं ते सगळं. तुमच्यासारखी कष्टाची, कुणाचं वाईट न चिंतणारी बाई चार आठवड्यांत असं लिहायला कशी लागली, हे पुढच्या माणसाला समजलं पाहिजे, आणि त्यासाठी दोन्ही बाजू शेजारी शेजारी हव्यात. जुनं पान एकटं बाहेर गेलं तर ते पुन्हा तेच विष पसरवेल. म्हणून मुलीला स्पष्ट सांगा, छापायचं तर दोन्ही, नाहीतर एकही नाही.

आता तुमचं ते शेवटचं वाक्य. भाज्यांचे भाव आणि रडगाणं. ताई, यावर मला तुमच्याशी भांडायचं आहे.

आमच्या घरात 1918 च्या मानमोडीबद्दल, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीबद्दल, एकच वाक्य शिल्लक आहे, पणजीची धाकटी बहीण 'त्या साथीत गेली'. ती कोण होती, शेवटचं काय बोलली, घरात कोण उरलं, चूल कुणी पेटवली, कुणालाच माहीत नाही. त्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली असा अंदाज आहे. एवढ्या घरांतून काय उरलं? सरकारी अहवाल उरले. तेही इंग्रजांनी लिहिलेले, त्यांना दिसलं तेवढं.

तुम्ही पत्रात जे चार-सहा उतारे दिलेत ते मी कागदावर उतरवून घेतले. मार्चअखेरीस तुम्ही लिहिलं आहे की गल्लीतले माग थांबले आणि रात्री इतकी शांतता झाली की बाळंतीण पोरीचं तान्हं खटखटीशिवाय झोपेना. यंत्रमागाच्या गावात टाळेबंदी म्हणजे काय, हे मला आजवर कुणी इतक्या थोडक्यात सांगितलं नव्हतं. तुमच्या धंद्याचंही तसंच. युनिफॉर्मचा सगळा हंगाम शाळा उघडायच्या आधीचा, एप्रिल-मेचा. त्याच महिन्यांत कारखाना बंद, आणि जूनमध्ये शाळाच उघडल्या नाहीत, म्हणजे शिवून पडलेला मालही पडूनच. मालकानं उचल दिली का, काज-बटणवाल्या बायकांचं काय झालं, ओव्हरलॉकवरची मुलं गावी कशी गेली, हे तुमच्या वहीत ओळीओळीनं आहे. अक्काच्या घरातही कारखान्यातून पान-तंबाखू यायचा बंद झाला आणि आठवड्याची मजुरी थांबली. विडी वळणाऱ्या हजारो बायकांच्या या गावात ते घर कसं जगलं, याचा हिशेब त्यांच्या शेजारणीच्या वहीत मिळतो आहे.

आणि रस्ता! कामावर जायचा रोजचा रस्ता बंद झाल्यावर तुम्ही गच्चीवरून दिसेल तेवढं गाव लिहीत गेलात. हैदराबाद रोडकडून पिशव्या डोक्यावर घेऊन चालत निघालेली माणसं. 16 जुलैपासून शहरात पुन्हा दहा दिवस कडक बंद, आदल्या दिवशी किराण्याच्या दुकानापुढची झुंबड. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघाला नाही, तेव्हा अक्काच्या नवऱ्यानं घरातच दोरी बांधून छोटा रथ करून लेकरांना ओढायला लावलं. जानेवारी 2021 मध्ये सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मागे माणूस नाही, होम मैदानावर गड्डा म्हणजे यात्रेचा बाजार नाही, पाळणे नाहीत, आणि तुम्ही मुलीला घेऊन लांबून रिकामं मैदान बघून आलात. तिथे तुम्ही एक वाक्य लिहिलं आहे, "मैदान एवढं मोठं आहे हे मला माहीतच नव्हतं." हे रडगाणं आहे होय?

एक विनंती करते. त्या वह्यांत काही जागा तुम्ही कोऱ्या सोडल्यात, त्या आठवतंय तोवर भरून काढा, मात्र नव्या शाईनं आणि आजच्या तारखेनं. गल्लीच्या तोंडचे बांबू कुणी काढले? पहिल्यांदा कुणाच्या ओट्यावर चार बायका एकत्र बसल्या? 2 एप्रिल 2022 च्या गुढीपाडव्याला राज्यातले निर्बंध उठले, त्या दिवशी तुम्ही मास्क काढला का, का भीतीनं पुढे महिनाभर लावत राहिलात? दुःखाच्या दिवसांचं सगळेच लिहितात. परत माणसांत कसं आलो हे लिहायचं राहून जातं.

मुलीबद्दल. ती चांगलं काम करते आहे, तिला अडवू नका. पण वहीत गल्लीतल्या माणसांची दुखणी आहेत, कुणाचा नवरा कुठल्या वॉर्डात होता, कुणी कर्ज काढलं, कुणाची सोयरीक मोडली. ही माणसं आजही तिथेच राहतात. साथीच्या पहिल्या महिन्यांत दारांवर चिकटवलेले कागद तुम्हाला आठवत असतील. लोक त्या घरांकडे कसे बघायचे तेही आठवत असेल. डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सक्षम अधिकाऱ्याचा तसा खास आदेश असल्याखेरीज रुग्णाच्या घरावर असे फलक लावायचे नाहीत. दारावरचा कागद तेव्हा उतरला, तो आता मुलीच्या हातून इंटरनेटवर लागायला नको. तिच्या प्रतीत नावं बदला, घर ओळखू येईल अशा खुणा झाका. हे सगळं फोटोंच्या प्रतीवर करायचं, मूळ वहीतल्या जुन्या मजकुराला पेन लावायचं नाही. आणि मूळ वह्या पुण्याला पाठवू नका. तिला सुट्टीत घरी येऊ दे, खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात पानाला पान फोटो काढू दे, प्रत्येक फोटोला त्या पानाची तारीख नाव म्हणून देऊ दे.

वह्यांची काळजी घ्यायला फार काही लागत नाही. टाचण्या आणि स्टेपलरच्या पिना काढून टाका, त्या गंजून कागद खातात. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, काही वर्षांत ती पिवळी पडून अक्षरं घेऊन निघते. लॅमिनेशन तर अजिबात नको. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात ठेवा, भिंतीला लागून नको, पावसाळ्यात ओल धरते. मधूनमधून उघडून कसर लागली का बघा. वहीत दवाखान्याच्या बिलाचे, एटीएमचे गुळगुळीत कागद ठेवले असतील तर त्यांची झेरॉक्स आजच काढा, तो छाप आपोआप उडतो. काहींचा उडालाही असेल. पहिल्या पानावर तुमचं नाव, गल्ली, काय काम करायचात आणि कोणत्या वर्षांचं लिखाण आहे ते लिहा. अव्वा, अक्का, भाभी म्हणजे कोण, हे वेगळ्या कागदावर लिहून मुलीकडे बंद पाकिटात द्या. तुमच्या-आमच्यानंतर वह्या कुठे द्यायच्या याचा निर्णय तिचा, पण हिराचंद नेमचंद वाचनालय किंवा आपलं सोलापूर विद्यापीठ, अशा ठिकाणी एकदा विचारून ठेवायला हरकत नाही.

झोपेचं तुम्ही ओझरतं लिहिलंत, मला ते ओझरतं सोडायचं नाही. रात्री वह्या वाचणं बंद करा, वाचायचं ते दिवसा, आणि एका बैठकीत एका महिन्यापेक्षा जास्त नाही. दोन आठवड्यांनीही झोप परतली नाही, छातीत धडधड होत राहिली, जेवण जाईना, तर 14416 वर फोन करा. टेली मानस ही सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्रीही लागते आणि मराठीत बोलता येतं. सिव्हिलच्या मानसोपचार विभागातही दाखवता येईल. अक्काकडे जायच्या आधी थोडी झोप झालेली असू द्या, म्हणजे पान वाचताना आवाज स्थिर राहील आणि तिला अव्वांचे शब्द नीट ऐकू येतील. ते तेलुगूतच वाचा, जसे त्या बोलल्या तसे.